शंभराला तीन

वहिनीच्या घशातल्या कॅन्सरच्या गाठीला किरणांचा शेक द्यायचं ठरलं तेव्हा मीच तिला किन्हीराजाहून शहरात आणलं. सत्तरच्या दशकाची अखेर होती. रुग्णालयात नवं लिनिअर ॲक्सिलरेटर आलं होतं आणि त्याची किरणं मोजणं हे माझं काम. तीस दिवस शेक चालला. रोज टेबलावर आडवी होण्याआधी ती विचारायची, "भाऊजी, मोजून देता ना?"

"पुरं मोजून," मी म्हणायचो. मला ते खरंच वाटत होतं.

त्या मशीनच्या आत एक मोजणी-कक्ष असतो. ठरलेली मात्रा गेली की तो किरणं बंद करतो. त्याच्या खाली धातूचे जाड जबडे. ते सरकवून खिडकी लहानमोठी करायची. मोठ्या खिडकीची मात्रा आम्ही प्रत्यक्ष मोजली होती. लहान खिडकीचे आकडे तक्त्यावरून काढले होते. वहिनीची खिडकी लहान होती.

मशीन किरणं झटक्याझटक्यानं सोडतं; वर्षभरानं मी ते झटके मोजले. मोजणी-कक्षात मात्रेची शंभर एककं भरायला मोठ्या खिडकीला तीन हजार झटके लागले, लहानीला दोन हजार नऊशे दहा. पाचदा मोजलं, तेच आलं. लहान खिडकीसाठी आत सरकलेल्या जबड्यांवर आपटून काही किरणं मागं मोजणी-कक्षात येत होती, आणि तो तीही दिलेल्यात धरून लवकर बंद करत होता. मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिला. "शंभराला तीन. एवढं चालतं. तक्ता दुरुस्त करा." मी केला.

त्याच महिन्यात दादाचं पत्र आलं. गाठ परत आली होती.

मी गेलो तेव्हा दादा खळ्यावर मजुरांना ज्वारी मोजून देत होता. मजूर गेल्यावर मी त्याला म्हटलं, "समज, पायली भरताना काठावर आपटून काही दाणे मागं पोत्यात पडले, अन् मोजणाऱ्यानं तेबी देल्ल्यात धरले."

"म्हंजे माप कमी भरलं."

"वहिनीचं तसं झालं. शंभरात तीन कमी."

तो पायलीवर हात ठेवून बसला. "तेवढ्यानं परत आली काय?"

"माहीत नाही. पुरी देऊनबी येते काहींची."

"अजून कितीजणाईचं झालं असं?"

"बावीस."

"त्याईले सांगतलं?"

"नाही."

"काहून?"

मी खळ्यावर सांडलेले दाणे वेचू लागलो. तो म्हणाला, "मंग हिलेबी सांगू नको. तुह्या मोजण्यावर तिचा लय भरवसा हाये."

घरात वहिनी भिंतीला टेकून बसली होती. आवाज जवळजवळ गेलेला. मला पाहून हसली. "आले का मोजणारे साहेब?" मग म्हणाली, "भाऊजी, तवा पुरं देल्लं होतं ना? माह्या शरीरातच खोट असन मंग."

दादा दारात उभा होता.

"हो वहिनी," मी म्हटलं, "पुरं देल्लं होतं."

तिनं मान हलवली. खोट तिनं स्वतःकडे घेतली आणि अडीच महिन्यांनी ती गेली.