मोटारीच्या पोच्यांतली लाख

आमच्या घरात दोन वस्तू पडून होत्या. एक मोटार आणि एक मी.

मोटार आजोबांच्या वेळची. जंगलखात्यातला एक गोरा साहेब बदली होऊन जाताना त्यांना विकून गेला होता. आलापल्लीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे तोवर लोकांनी मोटार लांबूनच पाहिलेली. मग आजोबा गेले, मागोमाग मालगुजारी गेली, आणि मोटार गोठ्याच्या कडेला छपराखाली ढकलली गेली. एका वादळात मोहाची मोठी फांदी छपरासकट तिच्यावर आली. मडगार्ड चेपलं, एका बाजूचं दार आत गेलं, आणि दोन पावसाळ्यांत पत्र्याला गंज चढून बारीक बारीक खड्डे पडले. मला लहानपणी देवी आल्या होत्या. त्या गेल्या पण तोंडावर वण ठेवून गेल्या. पाहुणे आले की मोटारीवर ताडपत्री पडायची आणि मला आतल्या खोलीत पाठवायचे.

तर या मोटारीपायी मला स्थळ आलं. भद्रावतीकडचा एक सागवानाचा ठेकेदार, त्याचा मुलगा. ठेकेदार तरुणपणी आमच्या आजोबांकडे कामाला होता. एकदा नाल्यात मोटार फसली तेव्हा आजोबा आतच बसून राहिले आणि यानं छातीएवढ्या पाण्यात उतरून ती ढकलली. आता त्याच्याकडे पैसा होता आणि त्याला त्या मोटारीत बसायचं होतं. मुलीबद्दल त्याने फारसं विचारलंच नाही. "बाकी काई नको भाऊ, मोटार तेवढी साजरी करून द्या," असं त्याने बाबांना सांगितलं.

मला ते लग्न हवं होतं. नवरा कसा आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि त्याची पर्वाही नव्हती. ज्या घरात मंगळागौरीला मला पुढे बसवत नाहीत, त्या घरातून मला बाहेर पडायचं होतं, मग ते मोटारीच्या जोडीनं का असेना.

बाबांनी चांद्याहून मिस्त्री आणला. माणूस तोंडाचा फाटका, दुपारीच मोहाची घेणारा, पण इंजिन त्याने सुरू केलं. दार आतून ठोकून ठोकून बरंच बाहेर काढलं. जे पोचे निघेनात ते भरावे लागणार होते. बाबांनी विचारलं, कशानं भरायचे. मिस्त्री म्हणाला, दोन रस्ते आहेत. कथील आणि शिसं एकत्र वितळवून पत्र्यावर चढवायचं, त्याला नागपूरहून माल आणि पत्रा तापवायचा मोठा दिवा आणावा लागेल. नाहीतर खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी करायची आणि पातळ पातळ थर द्यायचे.

"लांबीच मार मंग, एका दिवसात," बाबा म्हणाले.

"एक थर वाळू द्या लागते, मंग दुसरा. जाड मारली त फुटन."

मग गंजाच्या खड्ड्यांवर बोट फिरवत त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बादली घेऊन उभी होते. "हे त या बाईच्या तोंडावानी झालं," तो म्हणाला. "एक हात मारून भागत नाई."

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त वेळ हसले. मिस्त्रीला बोलायची शुद्ध नव्हती असं मी म्हणेन, पण बाबा तर शुद्धीवर होते.

पहिला थर मी घासला. विटेचा तुकडा पाण्यात बुडवून, तळहात फिरवत, उंचवटा लागेल तिथे पुन्हा. धाकट्या बहिणीला हे काम दिलं नाही, तिच्या हातांना घट्टे पडले असते. ती ओसरीवर बसून मला उंचवटे दाखवायची, बहुतेक चुकीचे. त्यावरचा दुसरा थर मात्र वाळेना. बाबा रोज नख रुतवून बघत आणि मिस्त्रीला शिव्या देत. पाहुण्यांचं बोलावणं वैशाखातलं होतं आणि नागपूरचा माल येईपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी मिस्त्रीने हत्यारं गोळा केली आणि चालता झाला.

तेव्हा बाबांना सोनार आठवला.

आमच्या घरचे सगळे पोकळ दागिने त्याच म्हाताऱ्याने भरलेले. आजीचे गोठ, आईच्या पाटल्या, आत लाख आणि वर सोन्याचा पत्रा. बाबांचा हिशेब सरळ होता. जी लाख सोन्याला पोचा येऊ देत नाही ती लोखंडाला का येऊ देईल? सोनारानेही मान हलवली. मालगुजाराला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, मालगुजारी गेली तरी. लाखेला कुठे जायला नको होतं, आमच्याच कुसुमाच्या झाडांवर ती पिकत होती. त्याने ओली लांबी खरवडून टाकली, निखाऱ्यावर लाख वितळवली, विटेची पूड मिसळली, पोच्यांत ओतली आणि तापलेल्या उलथन्याने अशी सारखी केली की आंधळ्यालाही जोड लागला नसता. संध्याकाळपर्यंत ती दगडासारखी घट्ट झाली. वर काळा रंग बसला. छपराखालच्या सावलीत मोटार नवी दिसत होती, आणि मी खरंच आनंदले. आईने पहिल्यांदाच मला स्वतःच्या शालूची घडी मोडून बघायला दिली.

एक मात्र झालं. पाहुण्यांच्या आधी मोटार कोणाच्या दृष्टीस पडू नये, नजर लागेल, म्हणून बाबांनी ती छपराबाहेर काढूच दिली नाही. ती उन्हात उभी केली ती थेट पाहुण्यांच्या दिवशी, सकाळी, अंगणाच्या मधोमध, अख्ख्या गावाला दिसेल अशी.

आमच्याकडे आधी पंगत, मग मुलगी दाखवणं. वैशाखातलं चांद्याकडचं ऊन कसं असतं ते तिथल्यांना सांगायला नको. पंगत लांबली. आग्रह झाले, पन्हं झालं. मी शालू नेसून, पावडर थापून, सुपारीचं तबक हातात घेऊन दाराआड उभी होते. आई मला बोलवायला येणार, तेवढ्यात ठेकेदार हात धुऊन अंगणात उतरला आणि सरळ मोटारीकडे गेला.

खिडकीच्या गजांतून मला सगळं दिसत होतं. त्याने मडगार्डावर कोपर टेकलं, जसे आजोबा टेकत असतील. कोपर आत गेलं. त्याने ते काढलं तर रंगाची साल बाहीला चिकटून लांबत आली. मग त्याने दारावर अंगठा दाबला, तोही गेला. आणि दाराचा खालचा भाग हळूहळू सुरकुतत, फुगत, धुळीत घसरला. तपकिरी, चकचकीत. अंगणातली पोरं हसायला लागली. ठेकेदाराने बोटं नाकाशी नेली.

"लाख आहे ही," तो म्हणाला. "पोकळ दागिना देऊन राह्यले काय मले?"

बाबा हात जोडून म्हणाले, "त्या मिस्त्रीनं फसवलं आमाले." सोनार पंगतीतच होता. तो ताटातून उठला नाही, खाली बघून भात कालवत राहिला.

"पोरीचं आमाले मालूम होतं," ठेकेदार बाही पुसत म्हणाला. "सर्वायले मालूम आहे. ते आमी चालवून घेतलं होतं, मोटारीपायी. आता काय चालवून घेऊ?"

ते गेले. मला कोणी बाहेर बोलावलंच नाही. बाबा आत आले, माझ्या हातातल्या तबकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्यापायी गेली माही इज्जत." मला इतका संताप आला की तबक त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं. मी ते खाली ठेवलं.

दिवाळीनंतर त्याच मिस्त्रीला मिनतवाऱ्या करून बोलावलं. नागपूरहून शिसं आलं, कथील आलं, मोठा दिवा आला. लाख खरवडायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते नीट केलं, शेवटच्या कणापर्यंत. वेडी आशा होती मला. मोटार नीट झाली तर ते परत येतील, असं मी रोज मनाशी म्हणायचे.

ते परत आले. ठेकेदाराने भर दुपारी सगळा पत्रा अंगठ्याने दाबून पाहिला, वाकून, बसून, पार चाकांच्या आतपर्यंत. कुठे काही हललं नाही. तो समाधानाने ओसरीवर टेकला आणि बाबांना म्हणाला, "मोटार आता एवढी साजरी झाली भाऊ, त मंग मोठी काऊन? लहानी द्या."

बाबांनी विचार करायला पाणी पिण्याएवढाही वेळ घेतला नाही.

लग्न माघात लागलं. नव्या नवरीबरोबर माहेरची कोणीतरी पाठराखीण लागते, आणि घरात रिकामी मीच होते. म्हणून बहिणीशेजारी बसून मी त्याच मोटारीतून त्या घरी गेले. ठेकेदार पुढे बसला होता, कोपर बाहेर काढून. त्यांच्या दारात मोटार थांबली. सासूने भाकरतुकडा ओवाळला, बहिणीचं तोंड वर करून पाहिलं, मग माझं पाहिलं, आणि ठेकेदाराला विचारलं, "हे होती काय पयली?"

"होय," तो म्हणाला आणि मडगार्डावर थाप मारली. "लाखेनं वाचवलं आपल्याले."

बहीण हसू दाबत होती. मी तिचा पदर सावरून धरला, कारण तिला माप ओलांडायचं होतं.