खारां काय गोड?

मी मराठी शिकवते आणि माझी जीभ जरा जास्तच चालते, हे आधीच कबूल करते. कुणी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटलं की मला गप्प बसवत नाही. लग्न होऊन पेडणे तालुक्यातल्या या नदीकाठच्या गावात आले, त्याच वर्षी एका सकाळी शेजारच्या घरातून माझी थोरली जाऊ धावत आली आणि ओरडली, ‘‘मानस मोडली!’’ मला वाटलं, कुणीतरी हिचं मन दुखावलंय. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि प्रेमाने म्हटलं, ‘‘वहिनी, मानस नाही, मन. आणि मोडली नाही, मोडलं.’’ ती पाणी घटाघटा प्यायली, तिने माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि दोघं कोयता-दोर घेऊन बांधाकडे पळाली. मी रिकामं भांडं घेऊन उभी.

माझं माहेर सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मला काय ठाऊक, मानस म्हणजे बांधातलं दार! आमची नदी तेरेखोलला समुद्राला मिळते, त्यामुळे भरतीबरोबर खारं पाणी थेट आमच्या शेतांपर्यंत चढतं. ही शेतं, म्हणजे खाजन, नदीपेक्षा खोलगट. मध्ये मातीचा बांध, बांधात चिऱ्यांची चौकट आणि चौकटीत वरून टांगलेलं जाड फळ्यांचं दार. भरती चढली की नदीच दार ढकलून लावते. सुकती लागली, म्हणजे पाणी ओसरू लागलं, की आत साचलेलं पावसाचं पाणी तेच दार ढकलून बाहेर पडतं. वीज नको, मोटर नको. इतकी वर्षं व्याकरण शिकवतेय, पण इतका बिनअपवादाचा नियम मला पुस्तकात सापडलेला नाही.

बांध तर दर वर्षी नवा होतो म्हणा ना. पावसाआधी घरटी एक माणूस येतो. चिखल, पेंढा, झाडाच्या फांद्या यांचे थर घालतात आणि पायांनी तुडवतात. मीही तुडवलाय, आणि दोन दिवस जिना चढता येत नव्हता. हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर लोक माझ्याकडेच विचित्र नजरेने बघतात. मला या लोकांचं फार कौतुक वाटतं, आणि त्यांना त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही.

मानस सांभाळायचं काम माझे थोरले दीर करायचे. ते गेल्यावर वहिनीने ते मागून घेतलं. थोडी कुजबुज झाली, पण तिने एकही भरती चुकवली नाही, त्यामुळे कुजबुज आपोआप थांबली.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात पावसाने सलग तीन दिवस उसंत दिली नाही, आणि वर अमावास्येचं उधाण. दुपारी आम्ही सगळे बांधावर जमलो, तेव्हा नदी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होती आणि आतल्या शेतात गुडघाभर पाणी. एका जागी बांध पाझरू लागला होता. पुरुष वाळूच्या गोणी आणत होते. दार घट्ट दाबून ठेवा, असा एकच ओरडा चालला होता. वहिनी मात्र म्हणाली, दार उघडायचं. एकाच बाजूने रेटा बसतोय, नदी आत घेतली तर दोन्हीकडचं पाणी सारखं होईल आणि बांध वाचेल. पुराचं पाणी गोडं असेल तर आमचा उंच वाढणारा कोरगुट भात बुडूनही चार दिवस तग धरतो. पण खारं असेल, तर पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकायचा नाही.

तिने ओंजळीत नदीचं पाणी घेतलं आणि चाखलं. मग पुन्हा चाखलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं.

‘‘माका चव कळणा नाय गो,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘त्या सालच्या तापात गेली, ती इलीच नाय. तू चाख.’’

मला नवऱ्याचा वाढदिवस आठवला. तिने हुमण, म्हणजे माशांची आमटी, करून आणलं होतं. दहा माणसांत मी म्हटलं होतं, ‘‘वहिनी, हुमणात आज समुद्र ओतलात काय?’’ सगळे हसले होते, तीही हसली होती. कळलं असतं तर लोकांनी मानस तिच्या हातून काढून घेतली असती, म्हणून ती गप्प राहिली होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

मी पाणी तोंडात घेतलं. गाळ, कुजलेली पानं. ‘‘मचूळ,’’ मी म्हणाले.

‘‘मचूळ म्हणजे काय?’’ ती वैतागली. ‘‘पेजेतलां मीठ, काय हुमणातलां? नीट सांग!’’

मी तीनदा चाखलं. गावाचा तीन वर्षांचा भात माझ्या जिभेवर, आणि जीभ भीतीने कोरडी.

‘‘मीठ घालायला विसरलेली पेज.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

तिने पुरुषांना हाक मारली. दोर लावून दार उचललं, खाली माडाचा ओंडका अडकवला. नदी आत शिरली आणि आमचं हिरवं शेत डोळ्यांदेखत नाहीसं झालं. मला रडू आलं. पुढचे तीन दिवस मला चहासुद्धा खारट लागत होता. दर सुकतीला पाणी त्याच दारातून परत जात राहिलं. चौथ्या दिवशी भाताची पाती वर आली, चिखलाने माखलेली, वाकलेली, पण जिवंत. बांध जागच्या जागी होता.

बांधावर उभी राहून वहिनीने आपल्या चवीचं सगळ्यांना स्वतःच सांगितलं. मानस कुणी काढून घेतली नाही. आता बांध तुडवायच्या दिवसांत ती घरटी एका बाईला नदीचं पाणी चाखायला लावते. गाव एका जिभेवर ठेवायचा नाही, असं तिचं म्हणणं. पेज की हुमण, यावर बायका कडाकडा भांडतात.

गेल्या रविवारी ती मागच्या दाराने वाटी घेऊन आली. ‘‘मीठ बघ गो.’’ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं तिने. मी चाखलं. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती.

‘‘हुमाण खारां झालां,’’ मी म्हणाले.

‘‘हुमाण नाय गो,’’ ती म्हणाली, ‘‘हुमण.’’ आणि नारळाचा रस घालायला परत गेली.