बुरेक, असेंब्ली आणि गोयकोचा कान

यास्ना तोपालोव लहान असताना तिनं बापाचा तांबुरा खोलून आत काय आहे ते पाहिलं होतं. आमच्या सर्बियातला तांबुरा मागे सूर धरून बसत नाही, नखीनं खणखणीत वाजवतात. आत काही नव्हतं, नुसती पोकळी. बापानं, म्हणजे गोयकोनं, चांगला धपाटा घातला. पण एवढा मोठा आवाज रिकाम्या जागेतून येतो कसा, हा प्रश्न तिला धपाट्यापेक्षा जास्त लागला. काही माणसांचा स्वभावच असा असतो, झाकण दिसलं की हात शिवशिवतात.

पुढे ती नोवी सादमध्ये नोकरीला लागली ती अशाच झाकणांच्या कामावर. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळतील अशा बारक्या सूचनांत उतरवणं हे कंपायलरचं काम, आणि त्या सूचनांना असेंब्ली म्हणतात. यास्नाची मंडळी एका छोट्या चिपसाठी कंपायलर करत. ती चिप कमी ऐकू येणाऱ्यांनी कानात घालायच्या यंत्रांत बसायची. सहसा कुणी वाचत नाही ती असेंब्ली ही बाई कॉफी पिता पिता वाचायची आणि मध्येच हसायची. शेजारी बसणाऱ्यांनी तिचा नाद केव्हाच सोडला होता.

कंपायलर बरोबर चालतो की नाही हे बघायला चाचण्या होत्या. छोटे छोटे प्रोग्रॅम त्याला द्यायचे आणि निघालेली असेंब्ली आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षित असेंब्लीशी ओळीला ओळ लावून बघायची. जुळली तर हिरवं, नाही तर लाल. ऐकायला छान वाटतं. पण कंपायलरनं एखादी संख्या या खणाऐवजी त्या खणात ठेवली, तरी अर्थ तोच असूनही निम्म्या चाचण्या लाल व्हायच्या.

आणि लाल झालं की बुरेक. हा कायदा टीमचा प्रमुख चेडोमिर याचा. चाचण्या लाल करणाऱ्यानं शुक्रवारी सगळ्यांना गरम, तुपकट बुरेक, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, आणायची, वर सगळ्यांचे टोमणे ऐकायचे. बुरेक कुणालाही परवडतो, टोमणे परवडत नाहीत. म्हणून कुणीतरी संगणकाला द्यायची एक आज्ञा लिहून ठेवली होती. ती चालवली की आज जे निघालं तेच 'अपेक्षित' म्हणून भरलं जाई आणि सगळं हिरवंगार होई. पोरानं पेपरात जे लिहिलं ते मास्तरांनीच उत्तर म्हणून फळ्यावर उतरवायचं, असला हा प्रकार. मग नापास होणार कोण?

यास्नाला हे खटकायचं, पण ती कुरकुर करून गप्प बसायची. खरं सांगायचं तर बुरेक तिलाही आवडायचा.

गोयको नोवी सादजवळच्या फुतोगला राहायचा. जन्मभर लग्नांत तुतारीवाल्याच्या शेजारी बसून वाजवल्यानं त्याचे कान गेले होते. वसंतात यास्नानं त्याला यंत्र आणून दिलं. दुकानात हट्टानं आपलीच चिप असलेलं मागून घेतलं आणि त्याच्या कानात बसवताना मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "बाबा, ह्यात माझं काम आहे." म्हातारा खूश झाला. अंगणातल्या चिमण्या ऐकू येतात म्हणून शेजाऱ्यांना सांगत सुटला.

मग मित्रोव्दान आला, तोपालोव घराण्याच्या संताचा दिवस. मेणबत्ती लागली, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेल्या सार्म्याची पातेली उतरली, पाहुणे राकियावर, म्हणजे फळांच्या दारूवर, आले आणि यास्नाच्या राडामामानं नेहमीप्रमाणे गाणं उचललं. टेबल दणाणलं. तेवढ्यात गोयकोनं यंत्र कानातून काढून खिशात टाकलं आणि तो ताटाकडे बघत बसला. यजमान स्वतःच्याच टेबलावर परका झाला. त्या हिवाळ्यात त्यानं तांबुरा कपाटावर चढवला आणि वाजवायच्या मंडळींत जाणंही सोडलं. विचारलं तर म्हणायचा, दमलोय. दुकानदार म्हणाला, वय झालं की सवय व्हायला वेळ लागतो. आई स्मिल्याही म्हणाली, "त्यांचं आता असंच. तू मनाला लावून घेऊ नकोस."

घरातल्या सगळ्यांनी ते 'असंच' मान्य करून टाकलं. यास्नाला मात्र राहून राहून नवल वाटत होतं. चिमण्या ऐकताना यंत्र कानात असतं आणि गाणं सुरू झालं की खिशात जातं. माणूस हट्टी असेल, पण हट्ट असा आवाजाची पातळी बघून येतो का?

एका रविवारी बाप झोपलेला असताना तिनं ते यंत्र आपल्याच कानात घातलं आणि राडामामाला परसात उभं करून गायला लावलं. हळू गायला तेव्हा सगळं ठीक होतं. त्यानं छाती भरून वरचा सूर लावला आणि तिच्या कानात कडाड्कन आवाज झाला, तापल्या तेलात पाणी पडावं तसा. तिनं परत गायला लावलं. परत तेच, त्याच सुराला. मामाला वाटलं भाचीला आपला गळा आवडला, तो थांबेचना. यंत्र नुसतं बिघडलं असतं तर कधीही कडाडलं असतं. हे नेमकं वेळेवर कडाडत होतं, आणि वेळेवर होणारी चूक कुणाच्या तरी हातची असते.

त्या चिपला बेरीज दोन तऱ्हांनी येते. एक, तांब्या काठोकाठ भरला की तिथेच थांबणारी. दुसरी साधी, ती काठ ओलांडला की पुन्हा तळापासून मोजायला लागते. आवाजाच्या कामाला पहिलीच हवी, नाही तर मोठा सूर एकदम तळाला आपटतो आणि कानात कडाडतं. यास्नानं ऑफिसात त्या बेरजेची चाचणी उघडली. चाचणी हिरवी होती. खाली अपेक्षित असेंब्लीत साधी बेरीज लिहिलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मागचे बदल चाळले तेव्हा उलगडा झाला. खणांची व्यवस्था बदलली तेव्हा शेकडो चाचण्या एकदम लाल झाल्या होत्या, म्हणून चेडोमिरनं ती आज्ञा चालवली होती. खणांच्या त्या ढिगात बेरीजही बदलून गेली आणि कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही. शेकडो ओळी एकसारख्या बदलल्या की त्यातली वेगळी ओळ कोण वाचतो?

चेडोमिर कबूल होईना. चिपवाल्यांचं काही असेल म्हणाला, चाचण्या तर हिरव्या आहेत म्हणाला. यास्नानं वाद घातला नाही. घरून आणलेलं बापाचं यंत्र पुसून चेडोमिरच्या कानात बसवलं आणि त्याच्यासमोर चहाचा ट्रे चमच्यानं बडवला. चेडोमिर खुर्चीतून उडाला. त्यानं यंत्र कानातून काढून हातात घेतलं.

"हे कुणाचं आहे?"

"माझ्या बाबांचं."

"आणि हे असं रोज त्यांच्या कानात?"

"रोज नाही. फक्त लोक गात असतात तेव्हा."

चेडोमिर वाईट माणूस नव्हता, त्याला टोमणे सोसत नसत एवढंच. त्यानं चूक त्याच दिवशी दुरुस्त करायला घेतली आणि चाचण्या यास्नाच्या हवाली केल्या. तिनं त्या नव्यानं लिहिल्या. संख्या कुठल्या खणात ठेवायची ते कंपायलर बघून घेईल, पण बेरीज काठाशी थांबणारीच हवी आणि साधी बेरीज इथे दिसता कामा नये. प्रत्येक चाचणीच्या डोक्यावर एक वाक्य, आपण हे का तपासतो याचं. ते वाक्य सुचलं नाही तर चाचणी काढून टाकायची. मोठमोठे आकडे देऊन उत्तर खरंच काठाशी थांबतं का, तेही ती चालवून बघू लागली. खण बदलले तरी आता चाचण्या उगाच लाल होत नसत, आणि लाल झालीच एखादी तर लोक खुर्च्या ओढून बघायला येत. कायदाही फिरला. कारण न लिहिता अपेक्षा बदलणाऱ्यानं बुरेक आणायचा. पहिला बुरेक जुन्या चुकीपोटी चेडोमिरनंच आणला, तोही निमूटपणे.

दुरुस्ती यंत्रापर्यंत पोचायला उन्हाळा उलटला. गोयको यंत्र दुरुस्तीला द्यायलाच तयार नव्हता. राहू दे गं, आता सवय झाली म्हणाला. शेवटी स्मिल्यानं ते त्याच्या खिशातून काढून लेकीला दिलं.

पुन्हा मित्रोव्दान आला. राडामामानं पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि गाणं उचललं. गोयकोचा हात आपोआप कानाकडे गेला. यास्ना सार्म्याचं पातेलं हातात धरून दारात उभी राहिली. वरचा सूर आला. हात कानापाशी थांबला आणि हळूच खाली आला.

"राडा," गोयको म्हणाला, "वरती तू कायम असाच घसरतोस काय रे?"

टेबल हसून लोळलं. यास्ना बापाशेजारी येऊन बसली आणि एवढे महिने जे विचारायचं राहिलं होतं ते तिनं विचारलं. कडाडतं हे मला सांगितलं का नाही?

गोयको जरा अवघडला. "तू म्हणाली होतीस, ह्यात तुझं काम आहे," तो म्हणाला. "मग मला वाटलं, कडाडतंय ते माझ्याच डोक्यात."

यास्नाला रडू फुटलं, पाहुण्यांसमोरच, आणि तिनं ते लपवलं नाही. गोयकोनं तिच्या पाठीवर थोपटलं, वर कपाटाकडे बघितलं आणि म्हणाला, "तो तांबुरा काढ खाली. आणि हे बघ, खोलून बघायचा नाही."