एसी आहे ना? मग चला!

घरात लहान मूल असलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. सोफ्याखालच्या बिस्किटांच्या तुकड्यांसारखे ते आपोआप जमत राहतात. त्यात नागपूरचा मे महिना! बागेतली घसरगुंडी तव्यासारखी तापलेली आणि घरात पोरगं पडद्याला लटकून राहिलेलं. अशा वेळी माणूस इनडोअर प्ले एरिया शोधायला निघतो, आणि मग किस्से पोत्यानं येतात.

धरमपेठेत आमच्या बिल्डिंगमध्ये अशी तीन घरं. पंकज, सोनल आणि त्यांचा अद्वय. रश्मी आणि तिचा कबीर. तिचा नवरा पुण्याला नोकरीला. आणि आम्ही, म्हणजे मी, बायको मृणाल आणि आमची मिठी. तिन्ही पोरं चार वर्षांच्या आसपासची. दर रविवारी एक नवीन जागा बघायची, सगळ्यात चांगली निवडायची, असं ठरलं. निवड होईपर्यंत उन्हाळा संपतो, हे नंतर कळलं.

*

पहिला फोन सोनलनं केला. आम्ही सगळे भोवती बसलेलो, फोन स्पीकरवर.

"तुमच्याकडे एसी आहे का?"

"हो मॅडम. फुल एसी."

"लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे मॅडम."

"पालकांना बसायला?"

"सोफे आहेत मॅडम."

"पाय लांब करता येतात?"

"अं... येतात मॅडम."

"ठीक आहे, येतो आम्ही."

सोनल फोन ठेवणार, तेवढ्यात तो बिचारा घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, मुलांसाठी काय काय आहे ते सांगू का?"

"ते आलो की बघतो नं!"

*

पंकज कळमेश्वरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. रविवारीसुद्धा त्याची ड्यूटी संपत नाही. त्या जागी पोचल्यावर त्यानं आधी बाहेर पडायचे रस्ते पाहिले, मग गाद्या दाबल्या, जाळ्या ओढल्या. शेवटी तो बंद नळीसारख्या, वळणं घेत खाली येणाऱ्या घसरगुंडीपाशी आला.

"अद्वयला सोडायच्या आधी मी एकदा चेक करतो."

"पंकज, ती मुलांची आहे," सोनल म्हणाली.

"म्हणूनच तर!"

तो वर चढला आणि आत शिरला. जरा वेळानं नळीतून आवाज आला, "व्हेंटिलेशन ठीक आहे!"

मग आणखी थोड्या वेळानं, "दुसऱ्या वळणावर जागा कमी आहे!"

मग काहीच नाही.

काउंटरवरच्या मुलीनं माइक घेतला. "स्लाईडमध्ये अडकलेल्या बाळाच्या पालकांनी कृपया इकडे यावं."

सोनल शांतपणे उठली.

"बाळाचं नाव?"

"पंकज."

"वय?"

"अडतीस."

मुलीनं वर पाहिलं. "रडून राहिलं का?"

"नाही. सूचना देऊन राहिलं."

शेवटी वरून अद्वयला सोडलं. दोघं सोबतच खाली आले. पंकजनं शर्ट नीट केला आणि म्हणाला, "पास!"

*

एक जागा फार उच्च होती. सगळी खेळणी लाकडाची, भिंती पांढऱ्या, आवाज अजिबात नाही. चालवणारे गृहस्थ हळू आवाजात बोलायचे.

"आमच्याकडे मुलं खेळत नाहीत," ते म्हणाले. "एक्सप्लोर करतात."

मी म्हटलं, "आणि एखाद्याला खेळायचंच असलं तर?"

त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. "मागे पार्किंग आहे."

आम्ही पार्किंगमध्ये गेलो. तिथं पोरांची फार गर्दी होती.

*

मग एका ठिकाणी कॅमेरे निघाले. कॅफेत कॉफी पीत बसा, समोरच्या मोठ्या स्क्रीनवर आपलं मूल दिसतं. खरं तर मूल काचेपलीकडेच असतं, मान वळवली की दिसावं. पण स्क्रीनवर दिसलं की जरा वेगळंच वाटतं.

रश्मी मन लावून पाहत होती. पिवळा टी-शर्ट घातलेला कबीर एका लहान मुलीला हात धरून शिडी चढवत होता. आपला बॉल दुसऱ्याला देऊन टाकत होता. ढकलणाऱ्या पोरालाही त्यानं काही केलं नाही, बाजूला होऊन वाट दिली. रश्मीचे डोळे भरून आले. तिनं पुण्याला नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन स्क्रीनसमोर धरला. "बघ, आणि तू म्हणतोस तो घरी ऐकत नाही!"

नवरा बराच वेळ निरखून पाहत होता. मग म्हणाला, "रश्मी, हा कोण आहे?"

कबीर मागच्या टेबलाखाली सापडला. एका अनोळखी कुटुंबाचे फ्रेंच फ्राइज खात होता. टी-शर्ट मात्र पिवळाच होता!

*

तिथंच एक खोटा दवाखाना होता. कबीर गळ्यात प्लास्टिकचा स्टेथोस्कोप घालून बसला. मी पेशंट.

त्यानं माझ्या छातीला लावून ऐकलं. "काका, तुमचं हार्ट बंद आहे."

"मग आता?"

"आता काही नाही. नेक्स्ट!"

माझ्यामागे सोनल होती. तिला त्यानं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, डोक्यावर पट्टी ठेवली, आइस्क्रीम बंद सांगितलं.

मी म्हटलं, "अरे, मला काहून नाही दिलं काही?"

तो मान वर न करता म्हणाला, "काका, तुम्ही गेले नं."

*

आता आमच्या मिठीचं. ती प्रत्येक ठिकाणी यायची, पण आत जायची नाही. छोट्या गेटपाशी आईची ओढणी धरून उभी राहायची. अनोळखी माणसानं नाव विचारलं तर ओढणीत तोंड लपवायची. सगळे म्हणायचे, होईल हळूहळू. मृणालही सगळ्यांसमोर हसायची. परत येताना गाडीत मात्र खिडकीबाहेर बघत बसायची.

एका आठवड्यात मृणालचे वडील डोळे दाखवायला आले होते. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे. रविवारी तेही आमच्यासोबत निघाले. मुलांबरोबर घरातलं एक मोठं माणूस आत चालतं, असं काउंटरवर कळलं. पण मोजे कंपलसरी.

"मी लग्नात मोजे नाही घातले," आबाजी म्हणाले. "पोराईच्या गादीवर जायले मोजे कायले?"

"नियम आहे आजोबा."

शेवटी बदकांचं चित्र असलेले मोजे घालून आबाजी आत गेले. रंगीत बॉलनी भरलेल्या हौदाच्या काठावर पाय आत सोडून बसले. मिठी गेटवरच. त्यांनी तिला बोलावलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. एक बॉल उचलला, फिरवून पाहिला, उजवीकडे ठेवला. दुसरा दबलेला होता, तो डावीकडे.

अद्वय जवळ आला. "आबाजी, काय करून राहिले?"

"माल निवडून राहिलो, बापू. एवढा माल असा मिसळून पडला. व्यापारी गाडी घेऊन आला तं काय पाह्यीन?"

अद्वय बसला. कबीर बसला. ओळख ना पाळख, आणखी दोन-चार पोरं बसली. घसरगुंडी ओस पडली. "हा चालते." "हा पिचका." एवढंच ऐकू येत होतं.

मृणालनं माझं मनगट घट्ट धरलं. मी खाली पाहिलं तर ओढणी मोकळी होती.

मिठी गेटातून आत गेली होती. हळूहळू जाऊन आबाजींच्या शेजारी टेकली. त्यांनी तिच्याकडे न पाहताच तिच्या हातात एक बॉल दिला. "पाह्य बरं."

तिनं फिरवून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"पिचका," ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं.

"ठेव डाव्या अंगाले."

पंकज काहीतरी बोलणार होता, सोनलनं त्याला चिमटा काढला.

ढीग वाढत गेला. मग वेळ संपली आणि तिथला मॅनेजर गळ्यात शिट्टी अडकवून आत आला. चांगला उंच, दाढीवाला. "चला मुलांनो, टाइम झाला! आजोबा, उठा आता." आणि वाकून त्यानं निवडलेले बॉल दोन्ही हातांनी परत हौदात लोटायला सुरुवात केली.

आबाजी चष्मा सावरत उठायला लागले. तेवढ्यात मिठी उभी राहिली. सरळ त्या माणसापुढे गेली, कमरेवर हात ठेवले आणि मान वर करून म्हणाली,

"थांब नं गा! गाडी भरून राहिली!"