दुभाजकातली फट

बायपासच्या मोठ्या चौकातले जुने पूल पाडून नवे बांधायचं काम साहेबांकडे होतं. मी त्यांच्या हाताखालचा नवा इंजिनिअर, घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात न उमगलेला नकाशा त्यांनी मला मुरमावर काडीने रेघा ओढून शिकवला.

एमआयडीसीतले कामगार लांबचा वळसा टाळायला दुभाजक फोडून मोटारसायकली पलीकडे काढत. साहेब तिथे भुयारी रस्ता मागत होते. वरून नकारच येई. मग शिफ्ट सुटताना ते स्वतः त्या फटीपाशी उभे राहून, हात आडवा करून ट्रक थांबवत.

"साहेब, हवालदार कधी झाले तुम्ही?" रोलिंग मिलमधल्या एकाने चिडवलं.

"तू वळसा घालून जात न्हाईस, मंग काय करू? चल, जल्दी निघ."

साहेब भुयारी रस्त्याच्याच बैठकीला मुंबईला गेले, त्या दिवशी तोच माणूस फटीतून निघताना ट्रकखाली सापडून गेला.

परत आल्यावर साहेबांनी फट काँक्रीटने बुजवून घेतली. दोन दिवसांत लोकांनी वीस पावलांवर नवी फोडली. ती बघून आल्यावर त्यांनी मला भुयारी रस्त्यासाठी पुन्हा पत्र लिहायला सांगितलं. एरवी प्रत्येक ओळ दोनदा वाचणाऱ्या साहेबांनी त्यावर न वाचताच सही केली.