आई बाहेरून नावं घेत होती

माझी आई अनवाणी, भुरभुर पावसात, आयर्लंडमधल्या ड्रोहेड्यात एका डॉक्टरांच्या मागच्या अंगणात उभी होती. काचेच्या दाराआड आठ-दहा माणसं तिला हसत होती.

ती त्यांची नावं घेत होती. एकेकाचं. मोठ्यानं.

“संजीवराव. माधवीबाई. जावयबापू. भाईर या. समदी भाईर या.”

आत एकानं व्हिडिओ काढायला फोन काचेला लावला होता.

संजीवराव-माधवीबाई या नवराबायकोकडे शनिवारचं जेवण होतं. संजीवराव इथल्या हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर. माझा नवरा त्यांच्या हाताखाली. त्याची पुढच्या वर्षाची नोकरी त्यांच्या शब्दावर, आणि ते सोमवारी सांगणार होते. आई महिन्याभरासाठी आलेली, तिलाही आग्रहाचं बोलावणं.

मी गोष्टी सांगते. आजारच आहे तो. पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागले, पण चार माणसं ताटावर बसली की घासाआधी माझी गोष्ट तोंडात तयार. त्या दिवशी भूकंपाच्या चालल्या होत्या. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. तिथे जमीन अधूनमधून हलतेच. पाहुणे घाबरतात, आम्ही तव्यावरची भाकरी उतरवून बाहेर येतो. माझे एक काका दाढी करताना हादरा बसला म्हणून अर्ध्या दाढीनिशी पळाले, आणि उरलेली अर्धी करायला कितीतरी दिवस आत जाईनात. सगळे पोट धरून हसले. मग मी आमची रीत सांगितली. जो पहिला बाहेर पडेल, त्यानं आतल्या, शेजारच्या, प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायची. नाव आलं की अंगणातून ‘आलो’, ‘आले’ म्हणायचं. ज्याची ओ येत नाही तो आत अडकलाय. मग त्याला काढायला जायचं.

आई शेजारी बसून मान हलवत होती. तिच्या लेखी ती गोष्ट नव्हती, माहिती होती.

“मग एक डेमो होऊन जाऊ दे,” संजीवराव म्हणाले.

मला वाटलं मलाच नक्कल करायला सांगताहेत. मी ओढणी खोचलीसुद्धा. त्यांनी रिमोट उचलला. टीव्हीवर कुठल्याशा सिनेमातली इमारत कोसळायला लागली, आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला तो भला मोठा स्पीकर घुमला. इथली घरं लाकडी जमिनीची. घरघर तळपायातून वर चढली. प्रेसमधली, म्हणजे भांड्यांच्या कपाटातली, काचेची भांडी किणकिणली.

भांडी वाजली की आमच्याकडे कुणी विचार करत बसत नाही. मीही अर्धी उठले होते. वजनामुळे राहिले. आई राहिली नाही. दार सरकवून ती बाहेर. पायात चपला नाहीत, डोक्यावर पदर नाही.

“आजी सुसाट,” कुणीतरी म्हणालं.

संजीवराव डोळे पुसत हसत होते. “पण वहिनी, तुमच्या वस्तीत तर सगळे पत्रेच असतील ना? पत्रा पडून कोण मरतं?”

मी गाव म्हणाले होते. वस्ती त्यांनी म्हटलं. माझं माहेरचं आडनाव त्यांनी आल्याआल्या विचारून घेतलं होतं.

नवऱ्यानं टेबलाखाली माझा पाय दाबला. त्या दाबाचा अर्थ मला कळतो. गप्प राहा, सोमवार आहे.

मी उठले आणि मोज्यांवरच बाहेर गेले. गवत चिंब. पोरांच्या ट्रॅम्पोलिनपाशी आई उभी, केस कपाळाला चिकटलेले. तिनं नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली. पहिलं संजीवरावांचं. घर त्यांचं, म्हणून.

“अगं, ही ओ का देत न्हाईत?” तिनं मला विचारलं. “अडकली का काय आत?”

आणि मला आमचं खळं दिसलं.

मी दुसरी-तिसरीत असेन. भर दुपारी मोठा हादरा बसला. वरची आळी आणि आम्ही, दोन्हीकडची माणसं मधल्या खळ्यात धावली. ते वरच्या कडेला, आम्ही खालच्या. जमीन हलली, मधलं अंतर हललं नाही. त्यांच्यात त्यांची नावं, आमच्यात आमची. पण आई ज्यांच्या शेतात खुरपायला जायची त्या सरूबाई तिला दिसेनात. वरच्या कडेचं कुणी त्यांना हाक मारेना. आईनं मारली. नाव घेऊन. “सरूबाई.”

सरूबाई खोकत खोकत दारातून बाहेर आल्या. आणि त्यांचा दीर खळं ओलांडून आमच्याकडे आला.

“आमच्या बायांची नावं तुझ्या तोंडात नकोत.”

आईला सगळ्यांसमोर हात जोडून ‘चुकलं’ म्हणावं लागलं. पायाखालची जमीन तेव्हा अजून थरथरत होती. सरूबाई खाली बघत होत्या.

पुढे प्रत्येक धक्क्याला मी आईच्या तोंडाकडे बघायचे. आमची नावं ती मोठ्यानं घ्यायची. मग नुसते ओठ हलायचे. आवाज नाही. वरच्या आळीची नावं. एकही न गाळता.

ही गोष्ट मी जेवणावर कधी सांगितलेली नाही. अर्ध्या दाढीचे काका सांगते.

आणि आज या देशात, जिथे जमीन हलतच नाही म्हणून लोक खुशाल झोपतात, आईनं वरच्यांची नावं पुन्हा आवाज काढून घेतली होती. आणि ते हसत होते.

संजीवराव दारात आले. बाहेर नाही, दारापर्यंत.

“मावशी, टीव्ही होता तो. गंमत केली. या आत. आणि सगळ्यांना सॉरी म्हणा बघू, मटण गार केलंत आमचं.”

आई टीव्हीकडे बघत राहिली. तिला कळलं. तिचा चेहरा एवढासा झाला. तिनं हात जोडले आणि तोंड उघडलं.

मी ते हात धरले आणि सोडवले.

“म्हणायचं नाही, आई.”

“अगं, लोकांचं घर हाय.”

“असू दे. म्हणायचं नाही.”

मग डॉक्टरांकडे वळले. ओल्या मोज्यांत माणूस काही भारदस्त दिसत नाही, हे मला कळत होतं. तरी बोलले.

“तिनं तुमचं नाव घेतलंय. पहिलं. ओ द्या.”

“वहिनी, चिल. एव्हरीथिंग इज ग्रँड.”

“ओ द्या.”

आतलं हसू थांबलं. संजीवरावांनी मला सोडून माझ्या नवऱ्याकडे बघितलं. “जरा समजाव हिला. सोमवारी बोलायचंय ना आपल्याला?”

“त्याच्याशी सोमवारी बोला,” मी म्हणाले. “आत्ता आईशी बोला.”

आत खुर्ची सरकली. नवरा आईच्या चपला आणि एक बुटांचा जोड हातात घेऊन पावसात आला. आईसमोर उभा राहिला.

“आलो,” म्हणाला.

बूट माझे नव्हते. कुणा पाहुणीचे होते. बंड करून निघालेल्या बाईला बूट बदलायला पुन्हा आत जावं लागलं. पण गेलेच होते, तर त्या फोनवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं व्हिडिओ पुसेपर्यंत हलले नाही. मग माझे बूट घातले, लेस नीट बांधली आणि निघाले.

गाडीत आईनं पदरानं ओले पाय पुसले.

“पुढल्या टायमाला त्येंची नावं घ्यायची का न्हाई?” तिनं विचारलं. रागानं नाही. रीत नक्की करून घ्यायची होती तिला.

“घ्यायची,” मी म्हणाले. “मोठ्यानं.”

तो सोमवार येऊन गेला. नवऱ्याच्या पुढच्या वर्षाबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही. गॉलवेच्या हॉस्पिटलात बघू, नाहीतर आणखी कुठे. संजीवरावांनी ओ दिलेली नाही.

न देवोत. भांडी वाजली की मी उठणार. स्पीकरनं वाजली तरी उठणार, मोज्यांवर, गुडघे धरून. बाहेर उभी राहून सगळ्यांची नावं घेणार, वरच्या आळीचीसुद्धा. ज्याला आपलं नाव माझ्या तोंडात नको असेल, त्यानं अंगणात यावं आणि माझ्यासमोर उभं राहून सांगावं. आमच्याकडून ‘चुकलं’ आता मिळणार नाही.