पाटाखालची पाचर

बाबांचा उजवा हात शिमग्यानंतर गेला. लकवा. जन्मभर रंधा चालवलेला तो हात मांडीवर नुसता पडून असायचा, आणि ते डाव्या हाताने उचलून त्याला इकडचा तिकडे ठेवायचे. बघवत नसे.

गावातल्या निम्म्या घरांचे गणपती बाबांनी केलेल्या पाटांवर बसत. आमच्याकडे मात्र आजोबांच्या वेळचाच पाट होता, आणि त्या वर्षी तो वाळवीने पोखरलेला निघाला. पाट आषाढात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पोचवावा लागतो. मूर्ती त्याच्यावरच घडते. बाबांनी माळ्यावरची फणसाची फळी काढायला लावली.

"नवो पाट आपल्या घरातच होऊंदे. फुडल्या वर्साचा कोणी बघल्यान?"

म्हणजे काम माझ्या गळ्यात. मी ओरोसला नव्याने आलेल्या कचेरीत कारकून. रंधा हातात धरून वर्षं झाली होती.

रविवारी पडवीत बसलो. फळीला पीळ होता. तिरके समोरासमोरचे दोन कोपरे वर उचललेले. मी एका कोपऱ्यावर गुडघा दाबला आणि रंधा मारत सुटलो. बाबा खाटेवरून बघत होते.

"उचललेल्या कोपऱ्यांखाली पाचर घाल रे. तू दाबतस म्हणान ती सपाट दिसता. गुडघो काढलंस काय परत उठतली."

पाचर घालून उंच भाग थोडा थोडा तासायचा, फळी उलटायची, पुन्हा तेच. त्यात दोन रविवार गेले असते. मला संध्याकाळपर्यंत उरकायचं होतं. बाबांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि माझं डोकं फिरलं.

"तुमचो हात चालता तर तुमीच मारा मगे!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि तशीच आत गेली. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. मला लाज वाटली, पण हात थांबला नाही, हे खरं. खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि पाट शाळेत देऊन आलो.

चतुर्थीला मूर्ती घरी आली. वर टांगलेल्या, फळापानांनी सजवलेल्या माटवीखाली टेबलावर मांडली तर पाट डुगडुगायला लागला. एक कोपरा अधांतरी. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतली एक पाचर मी घाईघाईने खाली सरकवली, वर फुलं टाकली. खाटेवरून बाबांनी विचारलं, "बसलो मा रे बरो?"

"बसलो," मी म्हणालो.

आरतीला त्यांनी पुढे न्यायला सांगितलं. मी धरून खुर्चीवर बसवलं. नमस्काराला एकच हात. तो त्यांनी पाटाला लावला, सवयीने कडेवरून फिरवत कोपऱ्यापर्यंत नेला, फुलांखाली. तिथे बोटं थांबली. पाचर त्यांनीच तासलेली. ओळखायला डोळे लागत नव्हते.

त्यांनी फुलं परत नीट लावली. "बरो बसलो," आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

दिवाळी उलटली आणि बाबा गेले. त्या रविवारच्या शब्दांची मी माफी मागितली नाही. चार महिने मिळाले होते, नाही मागितली. दर चतुर्थीला पाट मांडतो आणि तीच पाचर खाली घालतो. आई एकदा म्हणाली, "रंधो मारून घे रे एकदा, सपाट होतलो."

माझा हात चालतो. रंधा उचलवत नाही.